काचेला नावं ठेवणारा

धुळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी नाना मोबाईल दुरुस्त करत बसतो. काचेच्या फोनवर पोट भरतो आणि यात नवं काही नाही म्हणत दिवसभर त्यांनाच नावं ठेवतो.

"नाना, जग बोटाखाली आलं, हे नवं नाही?" एका मास्तरांनी विचारलं.

"डोया झाकीसन फोन लावा बरं, मास्तर."

मास्तरांनी डोळे मिटून काच चोळली. फोन भलत्यालाच लागला.

नजर अधू झाल्यापासून मला बोदवडच्या लेकीला फोन लावता येत नव्हता. नानाने बटणांचा जुना फोन काढला, लेकीचा नंबर एका बटणाला नेमून दिला आणि त्यावर ज्वारीचा दाणा चिकटवला.

"अक्का, हाई नवं शे."

मला त्यात नवं काही दिसलं नाही. पण दुपारी पडल्या पडल्या अंगठा दाण्यावर दाबला, की दूर कुठेतरी घंटी वाजते आणि झोपेच्या काठावर लेक विचारते, "आई, जेवलीस का?"