दादाने पुसलेला आवाज

वहिनीचा फोन आला तेव्हा मी बाजारात होते. "माई, हे गेले गं..." एवढंच म्हणाली. त्याला आता दीडेक महिना होईल. लोक दादाबद्दल चांगलं बोलतात, मला मात्र अजून त्याचा रागच येतो. का, ते सांगते.

आमचे आबा रत्नागिरीकडचे भजनीबुवा. ते गेल्यावर त्यांच्या भजनांच्या कॅसेट दादाने भाईंदरला, इंद्रलोक वस्तीतल्या आपल्या घरी आणल्या. बुरशी धरायच्या आत सगळ्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या, हा एकच ध्यास. तर या शहाण्याने काय करावं? टेपरेकॉर्डरसमोर माईक ठेवला. पंखा बंद, खिडक्या बंद, घरादाराला दम. "कोणी हूं की चूं करायचं नाही." आणि आबांनी ओळ टाकली की हाच मागून गायला लागायचा. लहानपणापासून भजनाला बसलेली माणसं आम्ही, बुवांची ओळ संपली की तोंड आपोआप उघडतं. त्यामुळे प्रत्येक भजनात आबांच्या मागे दादा, आणि त्याचा खोकलासुद्धा.

मग शेजारच्या खारी गावातल्या कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं, "अंकल, माईक क्यूँ? सीधा वायर लगाओ ना." दादा टेपरेकॉर्डर थेट कॉम्प्युटरला जोडायची वायर घेऊनच घरी आला. सगळ्या कॅसेट पहिल्यापासून घेतल्या आणि आधीच्या फायली पुसून टाकल्या. "आबांच्या मध्ये माझं कशाला?" म्हणाला.

आता आबा स्वच्छ ऐकू येतात, अगदी समोर बसल्यासारखे. दादा कुठेच नाही. त्याचा आवाज दुसरीकडे कशातच नाही. वहिनी दिवसभर एकेक फाईल लावून बघायची. "इतकं नीटनेटकं कशाला करायचं होतं गं यांना?" मला विचारायची. माझाही जीव तुटतो आणि तोंडात शिव्या येतात.

परवा मी गेले होते तेव्हा एक फाईल निघाली. त्या कॅसेटची टेप वायर यायच्या आधीच मशीनमध्ये गुंडाळून तुटली होती, म्हणून माईकवालीच राहून गेली असावी. आबांनी ओळ टाकली... आणि मागून दादा. बेसूरच, नेहमीसारखा. मला तर पुढचं दिसेना. तेवढ्यात गाणं थांबवून तो वैतागून म्हणाला, "अगं, तो मिक्सर बंद कर ना."

वहिनी रडली नाही. पदर सावरून कॉम्प्युटरकडे बघत हळूच म्हणाली, "केला हो."