पांढरी गच्ची, काळं प्लास्टिक

आमची इमारत घाटकोपरला, डोंगरउतारावरच्या झोपड्या पाडून बांधलेली. त्या झोपड्यांतली एक आमचीच होती. तिचा पत्रा तापायचा, पण दार उघडं टाकलं की वारा आत यायचा. आता पक्कं घर मिळालं, तेही शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब, आणि खिडकी समोरच्या इमारतीच्या खिडकीला नाक लावून. ज्याने हे आखलं त्याला एप्रिलच्या एका दुपारी आमच्या खोलीत पंखा फुल सोडून बसवावं, असं मला फार वाटतं.

ए.सी. लावून टाक, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्याचा बाहेरचा डबा बसवायला आम्हाला एकच भिंत आहे. समोरच्या खिडकीत तान्हं मूल आहे. आमच्या थंडाव्याचा गरम झोत सरळ त्याच्या पाळण्यावर जाणार. त्याच्या आईने काही म्हटलेलं नाही, पण मला ते जमत नाही.

माझं सोडा, मी दिवसभर ऑफिसात असते. प्रश्न आईचा आहे. तिचं हृदय कमजोर झालंय. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी ती स्वयंपाकाच्या ओट्यापाशी कोसळली आणि तिला हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, यांना उकाड्यात ठेवू नका. मी मान हलवली. ठेवू कुठे, हे विचारायचं धाडस झालं नाही.

म्हणून यंदा एका संस्थेची माणसं गच्चीला ऊन परतवणारा पांढरा रंग लावायला आली, तेव्हा मी त्यांना चहा, सरबत, जे सुचेल ते दिलं. सोसायटीचे चेअरमन जिन्यात उभे राहून टिंगल करत होते, "गच्चीला पावडर लावून काय तिचं लग्न लावायचंय?" पण रंग वाळला आणि फरक पडला. पूर्वी पलंगावर उभं राहून छताला हात लावला तर चटका बसायचा. आता नुसतं कोमट लागायचं. आई दुपारची झोपू लागली. चक्क घोरायची. ऑफिसातून फोन केला की शेजारीण सांगायची, "झोपल्यात गं, तू तुझं काम कर ना." इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मग मसाल्याचे दिवस आले. आमच्याकडे निम्मी घरं कोकणातली, निम्मी घाटावरची; कुणाचा मालवणी मसाला, कुणाचं काळं तिखट, पण गच्ची सगळ्यांची एकच. चादरी पसरून त्यावर लालभडक मिरच्या पडल्या. आणि त्या वाळेनात. वरून ऊन होतं, पण खालची फरशी पूर्वीसारखी तापतच नव्हती. मिरच्या आपल्या चिवट, वाकवल्या तर वाकणाऱ्या. अशा मिरच्या कांडप-गिरणीवाला घेत नाही, आणि घेतल्या तरी वर्षभराच्या मसाल्याला बुरशी लागते.

बायका आईकडे आल्या. साहजिक होतं, झोपडपट्टीत होतो तेव्हापासून सगळ्यांचा मसाला तिच्या नजरेखालून जातो. रविवार होता, मी घरातच होते. आई उशीला टेकून बसली, एक मिरची घेऊन वाकवली आणि म्हणाली, "खाली काळा प्लास्टिक घाला गो. कशी कडकडत नाय ती बघतंय." एवढंच नाही, पलंगाखालची जुनी ताडपत्री काढून द्यायला तिने मलाच सांगितलं.

"आई, ते तुझ्याच डोक्यावर तापणार. वाट लागेल सगळ्याची!"

"मगे? माझ्यापायी लोकांचो मसालो कुसतलो काय?"

 बायकांतली एक म्हणाली, "राहू दे गं, आम्ही बघतो दुसरं काहीतरी." ती मनापासून म्हणाली होती. पण दुसरं म्हणजे काय? खाली रस्त्यावर रिक्षा उभ्या असतात, वाळवण घालायला जागा कुठे आहे? आणि आईने माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तिला भरल्या घरात कुणाचे उपकार घ्यायला लावत होते. मी वाकले आणि ताडपत्री ओढून काढली. मला इतका राग आला होता की रडूच येत होतं, आणि रागवायला समोर एकही वाईट माणूस नव्हतं.

एकीचं बघून दुसरीने प्लास्टिक आणलं, मग तिसरीने. पांढरी गच्ची बघता बघता काळी झाली. मी वर गेले तेव्हा एका बाजूला आमच्याही मिरच्या घातलेल्या दिसल्या. "तुझ्या आईच्या पण टाकल्यात हां," एकीने हाक मारून सांगितलं. मी थँक्यू म्हणाले.

छत पुन्हा तापायला लागलं. मी सुट्टी टाकून आईजवळ बसले. तिच्या कपाळावर ओला नॅपकिन, पावलांवर दुसरा. श्वास वर वर चाललेला, तरी कान जिन्याकडे. दुपारी शेजारीण मूठभर मिरच्या घेऊन आली. आईने एक कानाशी धरून मोडली. कट्कन आवाज झाला.

"हां," ती म्हणाली, "आता झाली." तिचा चेहरा उजळला. मी हात धरला, तर तो नुसता भाजत होता.

शेजारीण गेल्यावर मी म्हटलं, "झाल्या ना आता? मी जाऊन प्लास्टिक काढते सगळं."

आईने डोळे मिटले होते. "काढू नको गो," ती म्हणाली, "पयल्या माळ्यावाल्यांची अजून व्हायची आसत."

मी नॅपकिन उचलला. तो कोरडा झाला होता. पुन्हा भिजवून आणला.