हेडफोनमधली धाप

किस्से कुणी जमवत नाही. कपाटामागं धूळ साठते तसे ते साठतात. कपाट ओढलं की मगच कळतं, किती झालेत ते!

माझ्याकडं तर त्यांच्यासाठी जागाही होती. घरी गाण्यांचं मिक्सिंग करताना मी वही ठेवायचो. कुठलं भजन, कितव्या मिनिटाला काय खटकलं, मी काय केलं, सगळं तारीखवार. वहीचा समास रुंद होता, किस्से त्यात शिरले. आता वही उघडली की मी समासच वाचतो. मधला मजकूर वाचवत नाही.

* * *

नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या दोनच खोल्या होत्या. मी सरकारी शाळेत प्रयोगशाळा सहायक. पण आमच्या गल्लीत चष्मा आणि वही दिसली की माणूस मास्तर होतो, तसा मी झालो. गाणाऱ्याचा आवाज, पेटी, तबला, टाळ वेगवेगळे टेप करून मापात एकत्र आणायचे, हे काम मी पुस्तकं वाचून शिकलो. ते मोठ्या स्पीकरवर करावं, असं पुस्तकात होतं. शेजारच्या भिंतीबद्दल पुस्तकात काहीच नव्हतं.

पहिल्याच रविवारी मी एक ओळ स्पीकरवर चाळीसेक वेळा लावली. गाणाऱ्याच्या आवाजापेक्षा पेटी किंचित पुढं येत होती. भिंतीपलीकडच्या आक्काताई थेट दारात आल्या.

"अवो मास्तर, त्या माणसाला ती एक ओळ पाठ हुईना, तर दुसऱ्या कुणाला तरी गायला सांगा की!"

दुसऱ्या दिवशी मी हेडफोन आणले.

* * *

हेडफोनचं एक असतं. घालणाऱ्याला वाटतं आपण हळू बोलतोय, आणि तो ओरडत असतो.

सासरे गडहिंग्लजहून आले, तेव्हा मी डोळे मिटून, मान डोलवत खुर्चीत. खोलीत चिटपाखरू नाही, आवाज नाही. डोळे उघडले तर समोर सासरे! "या मामा, बसा!" मी म्हणालो. त्यांच्या हातातली पिशवी पडली.

आत जाऊन त्यांनी लेकीला विचारलं, "पोरी, जावयाचं कान कधी गेलं?"

* * *

शिवाप्पा अण्णा या सगळ्याचा कणा. गाव कागलच्या पुढं, सीमेकडं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. नोकरी फौंड्रीत, आधी शहरात आणि पुढं कागलच्या एमआयडीसीत. काम साच्यात वाळू भरायचं. खोकल्यावर रुमाल काळपट व्हायचा. तो घडी घालून खिशात ठेवायचे आणि गायला बसायचे. आवाज असा, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम खाली ठेवावं.

त्यांच्या पहिल्या कॅसेटचं मिक्सिंग मी हेडफोनवर केलं. पेटी पूर्ण डाव्या कानात, टाळ पूर्ण उजव्या कानात, मध्ये अण्णा. काय मोकळं वाटत होतं!

कॅसेट त्यांच्या गावच्या देवळात लागली. देवळावर दोन कर्णे होते. डावा खालच्या आळीकडं तोंड करून, उजवा वरच्या आळीकडं. अण्णा दोन्हीकडं ऐकू आले, पण त्यांच्या जोडीला खालच्या आळीनं आठवडाभर पेटी ऐकली, वरच्या आळीनं आठवडाभर टाळ!

वरच्या आळीतले एक आजोबा एसटीनं कोल्हापूरला आले, पत्ता शोधत माझ्या दारात.

"मास्तर, देव एकच हाय न्हवं? मग आमाला नुसता टाळच का?"

* * *

नवं शतक लागलं तेव्हा घरात जुना कॉम्प्युटर आला. आता आवाजाचा केसाएवढा तुकडासुद्धा कापता यायचा. हेडफोनमध्ये तर सगळंच ऐकू येतं. तिसऱ्या घरातला कुकर, तबलजीच्या गुडघ्याची कटकट.

अण्णांना मी त्यांचं नवं भजन हेडफोनवर ऐकवलं. त्यांनी एक कान उघडा केला आणि खोलीभर बघितलं.

"मास्तर, ह्यात कोण तरी धापा टाकतंय."

"अण्णा, तुम्हीच."

त्यांनी तो कान पुन्हा झाकला आणि ओळ परत ऐकली. मग म्हणाले, "काढा त्याला भायेर!"

काढला. दोन शब्दांमधली धाप कापायची आणि शब्द असे जोडायचे, की जोड दिसू नये. मला ते छान जमलं. त्या दिवशी मी वहीत माझ्याच कामाला शाबासकी लिहून ठेवली आहे.

* * *

कॉम्प्युटर आल्यावर दर श्रावणात अण्णांची सीडी निघायची, आणि तिच्यातल्या एका जुन्या भजनात एक लांब ओळ होती. कॅसेटच्या वेळी अण्णांनी ती एका दमात म्हटली होती. सीडीच्या पहिल्या श्रावणात दोन दमांत. मी जोडली. त्याच्या पुढच्या श्रावणात चार. तीही जोडली. वहीत नोंद आहे: "जोड तीन. कळत नाही." म्हणजे ऐकणाऱ्याला जोड कळत नाही.

सीडी विकणारा शांतिनाथ सगळ्यांना सांगायचा, "अण्णांचा दम बघा. वय वाढतंय तसा वाढतोय!"

वारणानगरचा एक तरुण भजनी सीडी ऐकून ती ओळ तशीच म्हणायला बसला. तोंड लाल झालं, मग जांभळं. त्याच्या मंडळींनी पाणी मारलं. शुद्धीवर आल्यावर त्यानं पहिलं काय विचारलं असेल?

"ह्यो म्हातारा श्वास घेतोय तरी कुठनं?"

अण्णांना हा किस्सा सांगितला तर ते इतके हसले, की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. हसणं थांबलं तरी हात भिंतीवरून निघेना. किती सेकंद लागतात ते मी घड्याळात बघत होतो. सवय.

* * *

मग एका सकाळी त्यांच्या बायको, गंगव्वा, आल्या. कमी बोलणारी बाई. उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमी तरी सांगा. जिना चढताना मधी बसत्यात. दवाखान्यात चला म्हटलं तर सीडी लावून दावत्यात."

मी वही पिशवीत घातली आणि त्यांच्याबरोबर गेलो. वहीत तारखा होत्या. एक दम, दोन दम, चार दम. नुसतं वाचून दाखवायचं होतं.

अण्णांनी मला बघितलं आणि चहा यायच्या आत सीडी लावली. "ह्या ओळीला गप बसा सगळी!" ओळ आली. लांब, सरळ, कुठंही न तुटता गेली. अण्णांचे डोळे भरून आले होते.

"आता हिला सांगा मास्तर. ह्यात धाप ऐकू येती का?"

गंगव्वा माझ्याकडं बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

खोटं नव्हतं. त्यात धाप नव्हतीच.

"बघ की गं!" अण्णा बायकोला म्हणाले. "माणूस खोटं बोलंल. मशीन न्हाय बोलत!"

वही पिशवीतच राहिली. चहा घेऊन मी परत आलो.

* * *

पुढच्या श्रावणापर्यंत अण्णा राहिले नाहीत. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आधी यायला पाहिजे होतं. शांतिनाथनं दुकानाबाहेर सीडी लावली, तीच ओळ. रस्त्यावरचे लोक थांबून म्हणाले, "काय दम होता!"

* * *

दोनेक महिन्यांनी, रविवारी सकाळी गंगव्वा घरी आल्या. हातात सीडी.

"ही परत घ्या. आवाज त्यांचा हाय, पर ह्यात त्ये न्हाईत." मग जरा थांबून, "तीस वर्सं शेजारी झोपले मी. त्यांची धाप कुठं हाय ह्यात?"

"माझ्याजवळ आहे," मी म्हणालो.

मी काही टाकत नाही. कापलेला प्रत्येक श्वास कॉम्प्युटरवर ठेवला होता, भजनाचं नाव आणि मिनिट घालून. मी त्यांना वही उघडून दाखवली. एक दम, दोन दम, चार दम. कुठं कापलं, कसं जोडलं, आणि त्या दिवशी चहाच्या आधी मी काय सांगायला गेलो होतो, तेही सांगितलं. त्यांनी वहीवरून एकदा हात फिरवला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लावा," म्हणाल्या.

सगळे श्वास मी तारखेनं एकामागं एक लावले. मिळून सात मिनिटं झाली. गंगव्वांनी पदर मागं सारला, हेडफोन घातले. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पडद्यावर रेघ तेवढी वर-खाली होत होती. आधी सावकाश, मग घाईघाईनं.

त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उजवा हात गुडघ्यावरून वर-खाली फिरायला लागला. कुणाच्या तरी पाठीवरून फिरवावा तसा. रेघ आता दाट झाली होती, शेवटचा श्रावण चालू होता.

आणि ती कमी बोलणारी बाई भर सकाळी, भरल्या घरात ओरडली,

"अवो, किती दमलायसा! बसा की जरा!"

मी जागचा हललो नाही. भिंतीपलीकडची भांड्यांची खळखळ थांबली. आक्काताईंचा आवाज आला.

"मास्तर, कोण पावणं आल्यात वो?"