सोळा इंचांहून जरा मोठा ड्रम

दिवाळीआधी दादाने नानाखेड्याचं घर रंगवायला काढलं आणि माळा रिकामा करता करता मला फोन केला. "अगं, कबाडीवाला आलाय. ते ड्रम देऊन टाकू का?"

"हात लावू देऊ नकोस!" मी इतक्या जोरात ओरडले की स्वयंपाकघरातून आमचे हे धावत आले. दहा मिनिटांत मी ऑटोत होते.

दादा तरुणपणी ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा. लग्नं, गणेशोत्सव, देवास, रतलाम, कुठून कुठून बोलावणी यायची. ड्रम जुने विलायती होते, त्याने ते इंदूरहून कोणाकडून तरी वापरलेलेच घेतले होते. मी तेव्हा शाळेत होते. मी नुसतं जवळ गेले तरी तो ओरडायचा. पुढे त्याला बँकेत नोकरी लागली, ऑर्केस्ट्रा सुटला आणि ड्रम माळ्यावर गेले. दादाचा हा फोन आला तेव्हा मला पोस्टातून रिटायर होऊन चारच महिने झाले होते. हातात वेळ होता आणि डोक्यात एकच गोष्ट होती: आता मी वाजवणार.

तीन ड्रम निघाले. पायाने वाजवायचा मोठा, समोरचा चपटा, आणि तीन पायांवर उभा राहणारा खोल आवाजाचा एक. तिघांच्याही तोंडावरचं प्लास्टिक फाटलेलं होतं. ते आम्ही टावर चौकातल्या वाद्यांच्या दुकानात नेले; या ताणून बसवायच्या पडद्याला तिथे 'हेड' म्हणतात. पहिल्या दोघांना हेड लगेच मिळाले आणि बसलेही. तिसऱ्यासाठी दुकानदाराने सोळा इंची हेड काढला आणि ड्रमवर ठेवला. तो खाली उतरेचना. त्याने तळव्याने दाबला, मग मी दाबला, मग दादाने. पातेल्यावर लहान झाकण ठेवावं तसा तो काठावरच राहिला.

"मैडम, लकड़ी फूल गई है," दुकानदार म्हणाला. "इतने साल ऊपर पड़ा था ना."

दादाला ते पटलं. "सुताराला बोलावतो. काठ घासून घेऊ, बसेल मग."

मी ड्रम जवळ ओढला. "दादा, रुक जरा. आधी मोजू तर दे."

घरी येऊन मी शिवणाची टेप काढली. वर, मध्ये, खाली, तिन्हीकडे घेर मोजला. तिन्ही वेळा एकशे साडेअठ्ठावीस सेंटिमीटर. लाकूड फुगलं असतं तर सगळीकडे असं सारखं फुगलं असतं का? यांनी मोबाइलवर भागाकार केला. ड्रमची रुंदी चाळीस सेंटिमीटर नि नऊ मिलिमीटर आली. सोळा इंच म्हणजे चाळीस सेंटिमीटर नि सहा मिलिमीटर. सगळं तीन मिलिमीटरसाठी अडलं होतं!

मग मी फाटलेल्या हेडच्या काठाची जुनी गोल कडी दुकानातून आणलेल्या सोळा इंची हेडवर ठेवून पाहिली. जुनी मोठी होती. अगदी तेवढीच मोठी.

"दादा, फुगलाबिगला नाही तो!" मी फोनवर जवळजवळ नाचतच होते. "तो बनवलाच आहे असा!"

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या एका मोठ्या दुकानात फोन लावला. तिथल्या माणसाने खात्री केली. काही जुने विलायती ड्रम या मापाचे यायचे, पुढे सगळ्यांनी एकच माप धरलं. त्या मापाचे हेड अजूनही बनतात, पण बाहेरून मागवावे लागतील. दोन महिने, कदाचित तीन. मला तर तीन दिवसही धीर नव्हता.

जुन्या शहरात ढोल-नगारे मढवणारे एक वयस्कर कारागीर चाचा आहेत, हे मला पोस्टातल्या दिवसांपासून माहीत होतं. दादा नाक मुरडत म्हणाला, "हा काय नगारा आहे?" पण ड्रम उचलायला तोच आला.

चाचांनी ड्रम मांडीवर घेतला आणि काठावरून अंगठा फिरवला. मग जुनी कडी उजेडात धरून पाहिली. "नाप तो आपके हाथ में है, दीदी. परेशान क्यों हो रही हो?"

"मतलब बन जाएगा?"

"बकरे का चमड़ा चढ़ेगा. बस, रिंग ज़रा खुली रखनी पड़ेगी, चमड़े की मोटाई के लिए."

शेजारच्या ग्रिलवाल्याकडून त्यांनी लोखंडी सळीची कडी वाकवून, जोडून आणली. पहिली घट्ट झाली, ती परत पाठवली. दुसरी ड्रमवर सहज उतरली आणि मी टाळ्याच वाजवल्या. भिजवलेलं चामडं त्यांनी कडीवर पसरलं आणि चमच्याच्या दांड्याने कडा आतून खोचत खोचत गोल फिरवत नेलं. दादा कधी त्यांच्या शेजारी उकिडवा बसला, कधी चामडं धरू लागला, मला कळलंही नाही. ओलं असतानाच त्यांनी ते ड्रमवर बसवून स्क्रू हलकेच आवळले.

"दो दिन छाँव में. हाथ मत लगाना."

ते दोन दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. दर तासाला गॅलरीत जाऊन बघत होते. पांढुरकं, ढिलं चामडं हळूहळू पारदर्शक होत होतं, ताणलं जात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दादा हजर. चहाही न घेता त्याने समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने पिळायला घेतले. प्रत्येकाजवळ बोटाने टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा पाव फेरा. मग त्याने काठी उचलली आणि माझ्या हातात दिली.

मी मारली.

तो आवाज कानाआधी छातीत आला. गोल, जाड, उबदार. टावर चौकातल्या प्लास्टिकच्या हेडमधून असला आवाज मी ऐकला नव्हता. दादाने ड्रमच्या काठावर हात ठेवला. मग म्हणाला, "माझ्या वेळी असा वाजत नव्हता गं हा."

मी पुन्हा मारली, पुन्हा मारली. ताल वगैरे काही नव्हतं, नुसता आनंद होता. चाचांना फोन लावला आणि मोबाइल ड्रमजवळ धरला. "सुनाई दे रहा है, चाचा?"

"दे रहा है," ते म्हणाले. "एक पेच ढीला है."

दादाने सगळे स्क्रू तपासले. खरंच एक ढिला होता. त्याने तो पिळला, मी स्टूल पुढे ओढलं आणि तो मला पहिला ठेका शिकवायला लागला. "डावा हात मोकळा सोड. अगं, मोकळा! पत्रांवर शिक्के मारत नाहीयेस तू."

नऊ वाजता वरच्या मजल्यावरच्या वहिनी तक्रार करायला खाली आल्या. साडेनऊला त्या दाराशी उभ्या राहून विचारत होत्या, "एकदा मी मारून बघू?"