हरी मास्तरांच्या खोलीतला दामू

गुणाबाईला सुट्टी शुक्रवारची आणि हरी मास्तरांचं संग्रहालय बंद तेही शुक्रवारीच. या एका गोष्टीपायी तिची तीन शुक्रवार फुकट पायपीट झाली होती.

ती नारपोलीच्या एका यंत्रमाग कारखान्यात सुताच्या कांड्या भरायची. शुक्रवारी माग थांबत आणि माग थांबले की त्या दिवशी गावाची वीजही जाई. हरी मास्तर शाळेत चित्रकला शिकवत. ते गेल्यावर त्यांचे धाकटे भाऊ अण्णा, तहसीलमधून निवृत्त झालेले, यांनी घराच्या माडीवर त्यांची चित्रं मांडली. शेजारच्या मागांचा कापूस उडून चित्रांवर बसतो म्हणून माडीच्या खिडक्या त्यांनी खिळे मारून कायमच्या बंद केल्या. त्यामुळे वीज नसली की आत हाताला हात दिसत नसे, म्हणून शुक्रवारी संग्रहालय बंद.

गुणाबाईला त्यातलं एकच चित्र बघायचं होतं. वीस-एकवीस वर्षांपूर्वी हरी मास्तर सायकल मारत तिच्या गावी, खारबावला, आले, मळणीच्या खळ्यापाशी बसले आणि त्यांनी तिच्या नवऱ्याला, दामूला, रंगवलं. "मास्तरानं माझी तसवीर काढली," असं दामू चार दिवस गावभर सांगत होता. पुढच्या पावसाळ्यात तो तापाने गेला. मुलगी तुळजा तेव्हा तीन महिन्यांची. घरात दामूचा एकही फोटो नव्हता. आता सोमवारी तुळजाला हळद लागायची होती, आणि बापाचं तोंड कसं होतं हे पोरीला ठाऊकच नव्हतं.

चौथ्या शुक्रवारी ती तुळजालाच घेऊन आली. वाटेत दोनदा तिला ओरडली, "मान सरळ ठेव गं! सासरी काय म्हनतील, वाकडी सून आनली?"

अण्णांनी दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. "बाई, तुम्ही परत? लाईट नाही. उद्या या."

"उद्या माझी ड्युटी हाय. परवा बी हाय. सोमवारी हिची हळद."

"मग रॉकेलचा दिवा आणू म्हणता? धुराने रंग काळे पडतात."

"मी कुटं दिवा मागते? चित्र भायेर आना. ऊन पडलंय गच्चीवर, फुकटचं."

"चित्र जागेवरून हलवायचं नाही, हा नियम आहे."

"कुनी केला?"

"मीच."

"मग मोडा तुमीच. दुसऱ्या कुनाला इचारायचं राहिलंच न्हाय."

अण्णांनी पुटपुटत मायलेकींना गच्चीवर उभं केलं आणि ते माडीच्या अंधारात शिरले. आत काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग "अरे देवा," आणि मग धूळ झटकल्याचा. बऱ्याच वेळाने ते पाठीने दार ढकलत गच्चीवर आले. छातीशी धरलेली चौकट मोठी होती. त्यांनी ती कठड्याला टेकवली, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि दमून बाजूला झाले.

ऊन चित्रावर पडलं. पिवळंधमक खळं, उडणारा भुसा, एक बैल. आणि मधोमध दामू, दोन्ही हात वर करून सूप धरलेला. गुणाबाईकडे त्याची पाठ होती.

ती वाकली. उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, जणू जरा बाजूला सरकलं तर तो वळेल.

"तोंड कुटं हाय?"

"असंच आहे ते," अण्णा म्हणाले. "लोक ह्या चित्रासाठी ठाण्याहून येतात. पाठीत केवढे कष्ट दिसतात म्हणून."

"पाठ काय करू मी? वारा पाठीकडनं येत व्हता म्हनून काय झालं, मास्तरानं समोर बसायचं ना!"

"समोर बसला असता दादा, तर सगळा भुसा त्याच्याच डोळ्यांत गेला असता."

"जाऊ दे की, येक दिवस!" तीन आठवडे वाया गेले ते गेले, पण वीस वर्षं ती पोरीला सांगत आली होती, तुझा बाप मास्तराच्या घरी हाय, दाखवीन एक दिवस. ती कठड्यापाशी खाली बसली. पोरीकडे बघायची तिला हिंमत होईना.

तुळजा मात्र चित्रापुढे उभी होती. मग तिने बोट काचेवर ठेवलं, नेमकं दामूच्या मानेवर. अण्णा "हात नको" म्हणणार होते, राहिले.

"आई, बघ. मान डावीकडं हाय. माझ्यासारखीच."

गुणाबाईने वर बघितलं. चित्रातली मान आणि पोरीची मान, दोन्ही एकाच बाजूला कललेल्या.

"हां," ती वैतागून म्हणाली आणि पदराने नाक पुसलं. "त्याला बी सांगून थकले मी. ऐकलं कवा?"

मग पोर सासरी जाईपर्यंत ती तिला मान सरळ कर म्हणाली नाही.