निवळलेला भाऊ

दुपारी वॉर्डात स्टीलचं ताट पडलं. सगळे दचकले. माझ्या धाकट्या भावाची, सुधीरची, पापणीही हलली नाही. तो उघड्या डोळ्यांनी छताकडे पाहत राहिला.

यकृताच्या आजाराने इथे आल्यापासून तो असाच होता. आयुष्यभर माझ्याशी भांडलेला माणूस आता मी काहीही बोललो तरी हळूच "बरं" म्हणायचा. "निवळले हो ते आता," त्याची बायको म्हणायची. मलाही तो असा आवडू लागला होता. मी त्याचा हात हातात घेऊन बसायचो. एरवी त्याने झिडकारला असता.

डॉक्टर म्हणाले, "ही शांतता चांगली नाही. यकृताबरोबर मूत्रपिंडावरची छोटी ग्रंथीही थकलीय. संकटात शरीराला तीच उभं करते. म्हणून यांचा रक्तदाब चढत नाही, आणि म्हणूनच हे असे गळून शांत पडलेत."

म्हणजे मी इतके दिवस माया करत होतो ती त्याच्या विझत जाण्यावर.

त्या ग्रंथीची उणीव भरून काढणारी इंजेक्शनं सुरू झाली. दुसऱ्या संध्याकाळी त्याने मान वळवून माझ्याकडे रोखून पाहिलं. "दादा, तुला कुणी बोलावलं होतं?" त्याची बायको रडता रडता हसली. मीही हसलो आणि त्याचा हात सोडला. पण खरं सांगतो, त्या क्षणी त्या खाटेवरून कुणीतरी कायमचं गेल्यासारखं वाटलं.