झेरॉक्समध्ये कापला गेलेला स्वर

"तिले माही गरज कुठी हाय आता," आई मावशीला म्हणत होती. "अर्ज भरून बी काय करू?"

मी बाहेरच्या खोलीत कीबोर्डसमोर बसले होते आणि माझ्या कानांवर हेडफोन होते. म्हणून तर स्वयंपाकघरात त्या दोघी इतक्या मोकळेपणाने बोलत होत्या. हेडफोनची पिन अजून कीबोर्डला लावलेली नव्हती, माझ्या मांडीवर पडली होती. ते त्यांना तिथून दिसत नव्हतं.

"अवं, पोट्टीले विचारून तं पाय," मावशी म्हणाली.

"काय विचारू? मी शनिवारी येतो, रविवारी जातो. तेवढ्यात बी ते डोस्क्याले लावून बसते. उद्या मी बदली घेऊन इथी आली आन् तिलेच अडचण झाली तं? तिकडं लोकं तरी म्हणतेत, नर्सबाई आली."

"सोमवार शेवटचा दिवस हाय ना?"

"हाव. बारा वाजेपर्यंत हापिसात द्यावं लागते."

"मंग दे नं! सोळा वर्षं जागा नाई, जागा नाई करून राह्यली. आता जागा निंगाली तं तुले लाज येऊन राह्यली."

लसूण ठेचल्याचा आवाज आला. मग आईने आणलेल्या लाखोळीच्या डाळीत खडे किती निघतात यावर दोघींचं बोलणं गेलं. मी पिन लावली, कीबोर्ड सुरू केला आणि काहीही वाजवलं नाही.

आई चामोर्शी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स आहे. बाबा मी चार वर्षांची असताना गेले. मी सहा वर्षांची झाल्यावर आईने मला चंद्रपूरला मावशीकडे ठेवलं, इंग्रजी शाळेत घालायला. एक-दोन वर्षांत आपली बदली होईल असं ती तेव्हा सगळ्यांना सांगत असे. नंतर तिने सांगणं बंद केलं आणि लोकांनी विचारणं.

लहानपणी माझ्यासाठी आठवड्याचा खरा वार बुधवार होता. आई सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे माझ्यासाठी थैली द्यायची आणि शाळेतून येताना मावशी मला घेऊन स्टँडवर थांबायची. गाडी लागली की ड्रायव्हरभाऊ खिडकीतूनच ओरडायचे, "नर्सबाईची पोरगी आली का?" थैलीत कधी उकडलेल्या शेंगा असत, कधी नवा तांदूळ, एखाद्या वेळी वाळवलेली मोहफुलं. थैलीचं तोंड आई दवाखान्यातल्या पांढऱ्या पट्टीने बांधायची, जखमेवर बांधतात तशी, घट्ट आणि सपाट गाठ. ती गाठ मी कुणाला सोडू देत नसे. पट्ट्या गुंडाळून कंपासपेटीत ठेवायचे. बाईंनी एकदा तपासणीत त्या पाहिल्या आणि इंग्रजीतून विचारलं, कुठे लागलंय? मी म्हटलं, कुठेच नाही. त्या भाषेत मला तेवढंच बोलता यायचं, आणि ते खोटंही नव्हतं.

पियानो मी शाळेतच शिकले. शिकवणाऱ्या मिस निवृत्त होऊन नागपूरला मुलाकडे गेल्या, तरी मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून त्या मला शिकवत राहिल्या. यंदा, बाविसाव्या वर्षी, मी शेवटच्या श्रेणीच्या परीक्षेला बसले आहे. तिच्यात वाजवण्याबरोबर एक निबंधही द्यायचा असतो: निवडलेल्या रचनेचा आशय काय आणि तिच्यातली भावना कुठे, कशी उभी राहते. मी दोनशे वर्षांपूर्वीची एक छोटी रचना निवडली. जेमतेम चार मिनिटांची. मिसनी पानांचे फोटो पाठवले, मी ते शाळेसमोरच्या दुकानातून छापून त्यांच्या झेरॉक्स काढून आणल्या.

त्या रचनेत डावा हात पहिल्यापासून एकाच चालीने चालतो. खाली एक, वर दोन, खाली एक, वर दोन. उजव्या हाताची सुरावट त्याच्यावर येते, पण वेळेवर येत नाही. किंचित उशिरा येते. एकच ओळ ती तीनदा म्हणते आणि दर वेळी तिच्यात काही बारीक स्वर वाढवते. एखाद्याला तीच गोष्ट पुन्हा विचारायची असते आणि पुन्हा तीच विचारली असं वाटू द्यायचं नसतं, तेव्हा माणूस जसा शब्द बदलतो, तसं. मधला भाग उजळ आहे. आधी मला तो आनंदाचा वाटला होता. नंतर कळलं की तिथे डावा हात बदललेलाच नाही, खाली तो अजून वाटच पाहतो आहे. शेवटाकडे सुरावट एकदम वर चढते, सबंध रचनेत गेली नव्हती इतकी वर, आणि थांबते. मग पूर्ण दोन मात्रांची शांतता. त्यानंतर एक मंद सुरांचा गुच्छ, आणि संपलं.

माझा सगळा निबंध मी त्या दोन मात्रांवर उभा केला होता. लिहिलं होतं की ही रचना हाक मारण्याबद्दल आहे, आणि तिचं केंद्र म्हणजे ही शांतता. हाक सगळ्यात उंच जाते तिथेच कुणी ओ देत नाही. आधीच्या प्रत्येक ओळीने आपल्याला या न आलेल्या उत्तरासाठी तयार केलेलं असतं. इंग्रजीतून लिहिताना मला संकोच वाटला नाही. त्या भाषेत मी विरह, ओढ, आस यांच्याबद्दल कितीही लिहू शकते. हेच मावशीच्या स्वयंपाकघरात उभं राहून सांगायचं झालं तर मी पाणी पिऊन बाहेर येईन.

तो निबंध मी शुक्रवारी मिसना पाठवला होता. शनिवारी दुपारी, स्वयंपाकघरात डाळीचं बोलणं चालू असताना, त्यांचं उत्तर आलं. छान लिहिलं आहेस, पण तू कोणत्या शांततेबद्दल बोलते आहेस? तिथे शांतता नाही. तुझ्या पानाचा फोटो पाठव.

मी पाठवला. पाच मिनिटांनी त्यांनी त्यांच्या पुस्तकातल्या पानाचा फोटो पाठवला. पानाच्या अगदी तळाशी, शेवटच्या ओळीखाली, आडव्या छोट्या रेघांना लोंबणारा एक स्वर होता. दोन मात्रांचा, डाव्या हाताचा. माझ्या झेरॉक्समध्ये पान तिथेच कापलं गेलं होतं. आणि पान पूर्ण आलं असतं तरी काही उपयोग नव्हता, कारण माझा कीबोर्ड एकसष्ट पट्ट्यांचा आहे आणि तो स्वर त्याच्या डावीकडे, जिथे प्लॅस्टिकची कड संपून पलंग सुरू होतो, तिथे कुठेतरी येतो. मिसनाही इतके महिने कळलं नाही. फोनवर एवढे खालचे स्वर ऐकूच जात नाहीत. माझं काही वाजत नाही असं त्यांना वाटलं नाही, फोन पोचवत नाही असं वाटलं.

"काय झालं?" आई दारात उभी होती. हात पदराला पुसत.

"काही नाही," मी म्हटलं.

माझं हे 'काही नाही' तिला पाठ आहे. ती मान हलवून आत गेली.

रविवारी सकाळी मावशी विहारात वंदनेला गेली. आईची गाडी साडेबाराची होती. मला माझ्या जुन्या शाळेच्या हॉलमध्ये जायचं होतं. तिथला जुना पियानो पावसाळ्यापासून बंद होता आणि नागपूरचा माणूस गेल्याच आठवड्यात येऊन तो सुरात लावून गेला होता. परीक्षेआधी दोन रविवार वाजवायची परवानगी मला मिळाली होती. मी चपला घालता घालता म्हटलं, "येतेस का?"

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. "मी काय करू तिथी?"

"ऐक."

चौकीदार भाऊंनी हॉल उघडला. पियानोवर स्नेहसंमेलनाचा जुना पडदा टाकलेला असतो, तो त्यांनी ओढून काढला तेव्हा कोळशाची धूळ उडाली. "चंदरपूरची पावडर," भाऊ म्हणाले. "बाई, तुमी कुठच्या?"

"चामोर्शीकडं असतो," आई म्हणाली. "आमच्याकडं लाल माती. तुमच्याकडं हे."

"मंग पोरीले कोणता रंग?"

"तिचा तिलेच माईत," आई म्हणाली आणि हसली. भाऊ गेले. आई पहिल्या रांगेतल्या छोट्या मुलांच्या बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, दवाखान्याच्या मीटिंगमध्ये बसल्यासारखी.

मी आधी फक्त तो एक स्वर वाजवला. त्याच्यासाठी मला बाकावरून डावीकडे सरकावं लागलं. आवाज फार झाला नाही. पण लाकूड हललं, बाक हललं, ते माझ्या पोटरीपर्यंत आलं.

आई उठून आली. "परत कर."

मी पुन्हा केलं. तिने पियानोच्या बाजूला आधी तळहात ठेवला, मग वाकून कान लावला. उपकेंद्रावर मी तिला असं पाहिलं आहे. गरोदर बाईला आडवं झोपवून ती पोटावर छोटं नळकांडं ठेवते, त्याला कान लावते आणि समोर भिंतीकडे बघत राहते. त्या वेळी खोलीत कुणी बोललेलं तिला चालत नाही.

"असंच येते," ती कान न काढता म्हणाली. "नवीन पोरी आल्या का म्हणतेत, सिस्टर, काईच आयकू येत नाई. मी म्हणतो, आवाज नको पाहू बाई, धक्का पाय. आयकू नाई आलं म्हणजे नसते असं नाई."

मी सबंध रचना वाजवायला लागले. एकदा चुकले, पुढे गेले. आई तिथेच उभी होती, लाकडावर हात ठेवून. सुरावट वर चढली, थांबली, मी डावीकडे सरकले आणि तो स्वर खाली पडला. दोन मात्रा तो तिथेच राहिला. मग शेवटचा गुच्छ. त्या खालच्या स्वरानंतर तो मला वेगळा लागला. कुणी ओ दिल्यावर आपण फक्त मान डोलावतो, तसा. माझा निबंध चुकीचा होता. तिथे उत्तर होतं, सगळ्यात खालच्या पट्टीत, मंद वाजवा अशी खूण असलेलं. मला पहिल्या पानापासून पुन्हा लिहावं लागणार होतं, आणि ते मला फारसं वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि घड्याळात साडेदहा वाजले होते.

आई म्हणाली, "घरी हे नसते ना? घरी तू इथी थांबते."

मी चमकले. "तुला माहीत आहे?"

"माईत नसाले काय झालं? इतके महिने आयकून राह्यलो. सकाळी ते कानाले लावत नाई तू, तवा." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "वर वर जाते गाणं, आन् मंग तू थांबते. मी कणिक मळत असली का हात थांबवतो. मले वाटते, आता पोरगी काई बोलते."

"मग?"

"मंग काय. तू ते शेवटचं वाजवते आन् पाणी प्याले जाते."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बसमध्ये बाजूच्या बाईला सांगावं तसं सांगत होती. हॉलच्या पंख्याखाली पडद्याची एक कड हलत होती. मी काल ऐकलेलं सगळं माझ्या तोंडात होतं: जागा निघाली, सोमवार, बारा वाजता. काल ऐकलं हे सांगितलं तर ती लाजेल, आणि नाही सांगितलं तर अर्ज न भरताच साडेबाराच्या गाडीने जाईल. मी सहा वर्षांची असताना तिने मला मावशीच्या दारात सोडलं तेव्हा मी रडले नव्हते. मावशी ते अजून कौतुकाने सांगते, आमची पोट्टी किती समजदार. आईने तेव्हापासून ते खरं धरलं असणार. मीच तिला ते दर शनिवारी नव्याने पटवत आले होते.

"गाडीले उशीर होईल," आई म्हणाली. "एकदा अजून वाजव, मंग जाऊ."

मी शेवटच्या ओळींपासूनच सुरू केलं. डावा हात, खाली एक, वर दोन. सुरावट उशिरा आली, वर चढली. मी डावीकडे सरकले नाही. दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. आईचा हात लाकडावर होता. एक मात्रा झाली. दुसरी झाली. ती माझ्याकडे पाहत होती.

"आई," मी म्हटलं, "तो अर्ज भर. मले तू इथी पाहिजे."